मूल्य नसलेल्या नोटेचे मोल

जुन्या पेढ्यांच्या दप्तरात ‘खोखा’ नावाचा एक कागद असे. हुंडी पटली, रक्कम चुकती झाली, की ती हुंडी खोखा होई. तिची किंमत त्याच क्षणी संपे. परंतु मुनीम ती फाडून टाकत नसे. ती जपून ठेवली जाई, कारण पेढीने दिलेला शब्द पाळल्याचा तो पुरावा होता. हुंडी गहाळ झाली तर पेठ, पेठही गहाळ झाली तर परपेठ, अशी एकाच वचनाची पाठोपाठची रूपे ज्या समाजाने पिढ्यान्‌पिढ्या हाताळली, त्याला किंमत संपलेल्या कागदाचे मोल निराळे समजावून सांगावे लागत नाही.

खोखा हे पूर्ण झालेले वचन होय. त्याच्या दुसऱ्या टोकाला कधी दिलेच न गेलेले वचन असते. चलनाच्या जगात अशा कागदाला ‘स्पेसिमेन’ किंवा नमुना नोट म्हणतात. तिचा कागद, शाई, नक्षी आणि बहुधा स्वाक्षरीसुद्धा खऱ्या नोटेसारखीच असते. मात्र तिच्यावर आडवा शिक्का मारून ती जन्मतःच रद्द केलेली असते. बाजारात तिच्यावर चहाचा एक पेला मिळणार नाही. तरीही जगभरातील संग्राहक तिच्यासाठी खऱ्या नोटेच्या दर्शनी किमतीहून कितीतरी अधिक रक्कम मोजतात.

नव्याने स्वतंत्र झालेल्या देशाच्या नमुना नोटांना या छंदात विशेष स्थान आहे. देशाचा ध्वज एका दिवसात फडकतो, राष्ट्रगीत एका सभेत ठरते. परंतु त्या देशाचा कागद शेतकऱ्याने धान्याच्या मोबदल्यात निःशंकपणे स्वीकारावा, यासाठी फार मोठी जुळवाजुळव करावी लागते. ती जुळवाजुळव पाहावयाची असेल तर बांगलादेशाचे उदाहरण आपल्याला सर्वांत जवळचे आहे. भूगोलाने तो देश शेजारी आहेच. शिवाय त्याच्या पहिल्या नोटा महाराष्ट्रात, नाशिक येथे छापल्या गेल्या होत्या.

नमुना नोट कशासाठी?

नवी नोट चलनात येण्यापूर्वी ती ओळखता येणे आवश्यक असते. देशांतर्गत बँकांचे रोखपाल, परदेशांतील मध्यवर्ती बँका, परकीय चलनाचे व्यवहार करणाऱ्या शाखा, सीमाशुल्क आणि पोलीस खाते या सर्वांना अस्सल नोट कशी दिसते हे आधी कळावे लागते. म्हणून मुद्रणालय काही प्रती खास नमुना म्हणून तयार करते आणि मध्यवर्ती बँक त्या संबंधितांकडे पाठविते. समोर आलेली नोट संशयास्पद वाटली की रोखपालाने कपाटातील नमुना काढावा आणि दोन्ही कागद शेजारी ठेवून पाहावेत, हा त्यामागील साधा हेतू असतो.

अशी नोट कोणी खर्चून टाकू नये यासाठी तिच्यावर खुणा केल्या जातात. बहुधा लाल शाईत ‘स्पेसिमेन’ हा शब्द छापला जातो. स्पॅनिश भाषेत ‘मुएस्त्रा’ आणि जर्मनमध्ये ‘मुस्टर’ असे शब्द आढळतात. बंगालीत मात्र आपलाच ‘नमुना’ आहे. क्रमांकाच्या जागी बहुतेक वेळा ओळीने शून्ये असतात. काही नोटांवर छिद्रांनी अक्षरे कोरलेली असतात, तर काहींच्या स्वाक्षरीवरच भोके पाडलेली असतात. कडेला नमुन्याचा स्वतंत्र क्रमांकही असू शकतो. लंडनच्या थॉमस डी ला रू या विख्यात मुद्रकांच्या कित्येक नमुन्यांवर लंबवर्तुळाकार शिक्का असतो आणि त्यात ‘मूल्य नाही’ अशा अर्थाचे शब्द असतात. ज्या कागदावर हे शब्द छापलेले आहेत, त्याच कागदासाठी लिलावात बोली चढत जाते.

नमुना आणि ‘प्रूफ’ यांत फरक आहे. प्रूफ ही मुद्रकाने स्वतःच्या तपासणीसाठी काढलेली प्रत असते. ती पुष्कळदा एकाच बाजूने छापलेली असते. ‘कलर ट्रायल’ म्हणजे निरनिराळ्या रंगसंगतींची चाचणी होय. नमुना नोट मात्र ठरलेल्या, अंतिम रूपाची प्रतिनिधी असते. नोटसंग्राहकांत प्रमाण मानल्या गेलेल्या आल्बर्ट पिक यांच्या सूचीत प्रत्येक नोटेला क्रमांक असून नमुन्यासाठी त्या क्रमांकापुढे इंग्रजी ‘एस’ हे अक्षर जोडले जाते. विक्रेता नुसता ‘दुर्मीळ कागद’ म्हणत असेल आणि त्याला हा फरक सांगता येत नसेल, तर ग्राहकाने पाकीट खिशातच ठेवावे.

विजयानंतरचे अडीच महिने

१६ डिसेंबर १९७१ रोजी ढाक्यात पाकिस्तानी सैन्याने शरणागती पत्करली आणि सुमारे साडेसात कोटी लोकांचा देश स्वतंत्र झाला. राजकीय स्वातंत्र्य आले, तरी लोकांच्या गाठीला असलेला पैसा पाकिस्तानी रुपयाच होता. त्या पैशावरचा विश्वासही आधीच हलला होता. त्याच वर्षी जून महिन्यात पाकिस्तान सरकारने १०० आणि ५०० रुपयांच्या नोटा रद्द केल्या होत्या. घरात साठविलेला कागद एका हुकमाने निकामी होतो, हे पूर्व बंगालच्या व्यापाऱ्याने सहा महिन्यांपूर्वीच अनुभवले होते.

नव्या सरकारने ढाक्यातील स्टेट बँक ऑफ पाकिस्तानचे कार्यालय हाती घेतले आणि त्यातून बांगलादेश बँक उभी राहिली. तिच्या स्थापनेचा आदेश १९७२ मध्ये निघाला, परंतु तो अमलात आल्याची तारीख १६ डिसेंबर १९७१ ही धरण्यात आली. विजयाचा दिवस आणि मध्यवर्ती बँकेचा जन्मदिवस एकच असावा, या निर्णयाचा अर्थ हिशेबनीस सहज ओळखील. त्या दिवसापासूनच्या प्रत्येक देण्याघेण्याची जबाबदारी नव्या राष्ट्राने स्वीकारली होती.

प्रश्न नोटांचा होता. देशात नोटा छापण्याचा कारखाना नव्हता. परदेशी मुद्रकाकडे मागणी नोंदविली तरी आराखडा, साचे, कागद आणि वाहतूक यांत महिने जाणार होते. अशा वेळी भारताने नाशिकच्या सरकारी मुद्रणालयातून नोटा छापून दिल्या. ४ मार्च १९७२ रोजी १ टका आणि १०० टक्यांच्या नोटा चलनात आल्या. पाकिस्तानी रुपयाच्या जागी एकास एक या प्रमाणात टका आला. पुढे ५ आणि १० टक्यांच्या नोटाही निघाल्या. ४ मार्च हा दिवस आजही तेथे ‘टका दिन’ म्हणून ओळखला जातो.

नाशिकला हे काम नवे नव्हते. १९२८ पासून तेथे भारताच्या नोटा छापल्या जात होत्या. फाळणीनंतर पाकिस्तानकडेही स्वतःच्या नोटा नव्हत्या. तेव्हा रिझर्व्ह बँक ३० जून १९४८ पर्यंत दोन्ही देशांची मध्यवर्ती बँक म्हणून काम पाहत होती. त्या काळात भारतीय नोटांच्या मोकळ्या जागेत इंग्रजीत ‘गव्हर्न्मेंट ऑफ पाकिस्तान’ आणि उर्दूत ‘हुकूमत-ए-पाकिस्तान’ असे शब्द नाशिकलाच छापले गेले. याचा अर्थ असा की, चोवीस वर्षांच्या अंतराने पूर्व बंगालच्या बाजारात नव्या राष्ट्राची म्हणून आलेली नोट दोन्ही वेळा गोदाकाठच्याच मुद्रणालयातून आली होती. अखंड भारताच्या काळातील नोटा धरल्या तर हे नाते आणखी जुने ठरते.

१ टक्याच्या पहिल्या नोटेवर देशाचा नकाशा होता, तर १०० टक्यांच्या नोटेवर नकाशाबरोबर शेख मुजीबुर रहमान यांची प्रतिमा होती. १ टक्याची नोट, आपल्याकडील १ रुपयाच्या नोटेप्रमाणेच, सरकारची असते आणि तिच्यावर वित्त सचिवांची स्वाक्षरी असते. मोठ्या किमतीच्या नोटा बँकेच्या असून त्यांवर गव्हर्नरांची सही असते. ए. एन. एम. हमीदुल्ला हे बांगलादेश बँकेचे पहिले गव्हर्नर होते. सरकारची नोट कोणती आणि बँकेची कोणती, हा भेद बँकेच्या परीक्षा देणाऱ्या तरुणांना अजूनही विचारला जातो. तो त्यांना या दोन नोटा हाती धरून चटकन शिकविता येईल.

‘टका’ हा शब्दही आपल्याला परका नाही. संस्कृतमधील ‘टंक’ हे त्याचे मूळ. आपली ‘टांकसाळ’ त्याच कुळातील. चौदाव्या शतकाच्या आरंभी दिल्लीच्या टांकसाळीत काम करणारे ठक्कुर फेरू हे श्रीमाळ जैन गृहस्थ होते. त्यांनी १३१८ मध्ये ‘द्रव्यपरीक्षा’ हा ग्रंथ लिहिला. निरनिराळ्या राज्यांची, चालू आणि जुनी नाणी, त्यांतील धातूंचे प्रमाण, वजन व मोल यांचा त्यात तपशीलवार विचार आहे. गादीवरचा राजा बदलला की त्याचे नाणे हातात घेऊन ते नेमके किती मोलाचे हे सांगता आले पाहिजे, या व्यावहारिक गरजेतून तो ग्रंथ जन्मला. नव्या राष्ट्राच्या नोटेचा अभ्यास करणारा आजचा संग्राहक त्याच परंपरेतील विद्यार्थी आहे.

प्रतिरूपकाचा धोका

घाईत काढलेल्या त्या पहिल्या नोटांत सुरक्षेची साधने मोजकी होती. त्यांच्या नकला बाजारात येऊ लागल्या आणि नकाशाच्या मोठ्या नोटा लवकरच चलनातून काढून घ्याव्या लागल्या. १९७२ मध्येच ब्रिटनमध्ये छापलेल्या नव्या नोटा येऊ लागल्या. तरीही अडचण संपली नाही. एप्रिल १९७५ मध्ये १०० टक्यांच्या नोटा रद्द करण्याचा निर्णय झाला. चार वर्षांच्या आत लोकांनी दुसऱ्यांदा मोठी नोट निकामी होताना पाहिली. अस्सल नमुना खेड्यापाड्यांतील रोखपालापर्यंत पोहोचणे किती महत्त्वाचे असते, ते या घटनांवरून ध्यानात येते. नमुना नोट ही तेथे शोभेची वस्तू नव्हती. खऱ्याखोट्याचा निवाडा करण्याचे ते माप होते.

आता हेच माप संग्राहकांच्या बाजारात खोटे होऊ लागले आहे. स्वातंत्र्याच्या धामधुमीत पाकिस्तानी नोटांवर ‘बांगलादेश’ किंवा ‘जय बांगला’ असे रबरी शिक्के मारलेले आढळतात. इतिहासप्रेमींना त्यांचे मोठे आकर्षण वाटते. परंतु यांतील अस्सल किती, याविषयी अभ्यासकांत वाद आहे. कारण उघड आहे: जुनी पाकिस्तानी नोट स्वस्तात मिळते आणि रबरी शिक्का कोणत्याही गल्लीत करून मिळतो. चलनातून गेलेल्या साध्या नोटेवर लाल अक्षरे उमटवून तिला ‘नमुना’ बनविण्याचा उद्योगही याच जातीचा.

श्रावकाच्या तिसऱ्या अणुव्रताच्या, म्हणजे अचौर्याच्या, पाच अतिचारांत ‘प्रतिरूपकव्यवहार’ सांगितला आहे. नकली वस्तू खरी म्हणून व्यवहारात आणणे, असा त्याचा अर्थ. त्याच यादीत ‘तदाहृतादान’ आहे; म्हणजे चोरीने आलेला माल घेणे. नमुना नोटांच्या बाबतीत हे दोन्ही अतिचार अगदी शब्दशः लागू पडतात. नमुने मुळात विक्रीसाठी नसतात. ते बँकांना आणि खात्यांना जपून ठेवण्यासाठी दिलेले असतात. मग ते बाजारात आले कसे, हा प्रश्न विचारल्यावाचून खरेदी करणे श्रावकाला शोभणारे नाही.

या प्रश्नाची प्रामाणिक उत्तरेही असतात. मुद्रक आपला जुना संग्रह रीतसर विकतात. अमेरिकन बँक नोट कंपनीच्या संग्रहातील नमुने १९९० मध्ये न्यूयॉर्क येथे ख्रिस्टीज या लिलावगृहामार्फत जाहीरपणे विकले गेले आणि अनेक देशांचे नमुने त्या मार्गाने संग्राहकांकडे पोहोचले. अशी नोट ज्या लिलावातून आली, त्याची सूची, क्रमांक आणि पावती सोबत असते. म्हणून नोट घेताना नोटेइतकेच लक्ष तिच्या कागदपत्रांकडे द्यावे. विक्रेत्याचे पक्के बिल, आधीच्या मालकाचा उल्लेख आणि लिलावाची नोंद यांपैकी काहीच नसेल, तर किंमत कितीही आकर्षक असली तरी तो व्यवहार सोडून द्यावा. पेढीवर कोणी निनावी माणूस अर्ध्या भावात माल देऊ लागला, तर जुना व्यापारी काय करी? तोच नियम येथेही लागू.

सरळ मार्ग

नमुना नोट सरळ मार्गाने मिळण्याची सोय आता बांगलादेश बँकेनेच केली आहे. ढाक्याच्या मीरपूर भागात २०१३ पासून बँकेचे ‘टका संग्रहालय’ आहे. १ जून २०२५ रोजी १०००, ५० आणि २० टक्यांच्या नव्या मालिकेतील नोटा चलनात आल्या, तेव्हा बँकेने संग्राहकांसाठी विनिमय न करता येणारे नमुनेही छापल्याचे आणि ते या संग्रहालयातून ठरावीक किमतीला मिळतील असे जाहीर केले. ज्या संस्थेने नोट काढली, तिच्याच खिडकीवर पावती घेऊन विकत घेतलेला नमुना हा नवशिक्या संग्राहकासाठी सर्वांत निर्धोक आरंभ होय.

या नोटा १९७२ च्या नोटांशेजारी ठेवल्या की एका राष्ट्राचे चरित्र उलगडते. आरंभी नकाशा आणि मुजीब. १९७५ मध्ये त्यांच्या हत्येनंतर त्यांची प्रतिमा जाऊन ढाक्याची तारा मशीद. पुढे पुन्हा मुजीब. आणि आता व्यक्तीऐवजी वास्तू व कला. १००० टक्यांच्या नोटेवर राष्ट्रीय हुतात्मा स्मारक आणि संसद भवन, ५० च्या नोटेवर अहसान मंजिल आणि जैनुल आबेदीन यांचे चित्र. सत्ता बदलली की नोटेचा चेहरा बदलतो. अभ्यासकाने यात कोणाची बाजू घेण्याचे कारण नाही. त्याने क्रम लावावा आणि तारखा नोंदवाव्यात.

जतन आणि यतना

नोट म्हणजे अखेर कागद. आपल्याकडील पावसाळा, स्वस्त प्लॅस्टिक आणि चिकटपट्टी हे तिचे तीन शत्रू. पीव्हीसीची पाकिटे कालांतराने कागदाला चिकटतात व डाग पाडतात. म्हणून पॉलिएस्टरची पारदर्शक पाकिटे वापरावीत. नोट लॅमिनेट करू नये, तिची घडी घालू नये, तिच्यावर काही लिहू नये. वर्णन स्वतंत्र चिठ्ठीवर असावे. संग्रह जमिनीलगतच्या कपाटात किंवा ओल धरणाऱ्या भिंतीपाशी ठेवू नये.

कसर लागू नये म्हणून विषारी गोळ्या आणि फवारे सर्रास वापरले जातात. जैन घरात याहून चांगली रीत पूर्वापार आहे. जीव झाल्यावर त्याला मारण्यापेक्षा तेथे जीवोत्पत्तीच होऊ न देणे, हीच यतना. जेसलमेर आणि पाटणच्या ज्ञानभांडारांतील हस्तलिखिते शेकडो वर्षे टिकली, ती कोरडी जागा, घट्ट बांधलेली वेष्टने आणि नियमित देखभाल यांमुळे. श्वेतांबर परंपरेत ज्ञानपंचमीला आणि दिगंबर परंपरेत श्रुतपंचमीला ग्रंथ बाहेर काढून, पुसून, पुन्हा बांधून ठेवण्याची प्रथा आहे. नोटा हे शास्त्र नव्हे, त्यांची पूजा करावयाची नाही. परंतु वर्षातून एकदा सारे बाहेर काढून तपासण्याची ती शिस्त संग्राहकाने अवश्य उचलावी. हवाबंद डबी आणि ओल शोषणारी सिलिका जेलची पुडी एवढ्यावर बहुतेक काम भागते.

याहून मोठा धोका कसरीचा नसून अज्ञानाचा असतो. व्यापारी कुटुंबांत पुष्कळदा असे घडते: वडील वीस-पंचवीस वर्षे जमवितात, कोणाला काही सांगत नाहीत, आणि त्यांच्या पश्चात मुले पेटी उघडतात. नोटेवर ‘मूल्य नाही’ असे छापलेले दिसते. एक मुलगा म्हणतो, टाकून द्या. दुसऱ्याने कोठेतरी लिलावाचा आकडा वाचलेला असतो. तो म्हणतो, लाखोंचा माल आहे. दोघेही अंदाजाने बोलत असतात आणि त्या अंदाजावरून भावाभावांत कायमचा दुरावा येतो. जी नोट शेजारच्या देशाच्या जन्माची साक्षीदार, ती घरातल्या कलहाचे कारण ठरते.

यावर उपाय एका वहीचा आहे. प्रत्येक नोटेसमोर सूचीक्रमांक, खरेदीची तारीख, मोजलेली रक्कम, विक्रेता आणि पावतीचा क्रमांक लिहावा. ही वही घरात निदान एका वारसाला ठाऊक असावी आणि मृत्युपत्रात संग्रहाचा स्पष्ट उल्लेख असावा. दरवर्षी चोपडापूजन करणाऱ्या घराला एक वही अधिक ठेवणे जड जाऊ नये.

शून्याचा परिग्रह

येथे एक सूक्ष्म प्रश्न उभा राहतो. ज्याने परिग्रहपरिमाणाचे व्रत घेतले आहे, त्याने धनाची मर्यादा ठरविलेली असते. ज्या नोटेचा क्रमांक शून्य, जिच्यावर मूल्य नाही असे लिहिलेले, ती त्या मर्यादेत मोजावी की नाही? हिशेबाच्या भाषेत उत्तर सोपे आहे: मोजलेली रक्कम ही मालमत्ता आहे, म्हणून ती धरावी. परंतु शास्त्राचे उत्तर याहून खोल आहे. परिग्रहाचे खरे लक्षण वस्तू नसून मूर्च्छा, म्हणजे आसक्ती, असे आचार्यांनी सांगितले. ज्या कागदाने भाकरीही विकत घेता येत नाही, त्याच्यासाठी झोप उडत असेल, दुसऱ्या संग्राहकाचा मत्सर वाटत असेल, घरखर्चातून चोरून पैसे बाजूला पडत असतील, तर शून्य क्रमांकाची ती नोटही पूर्ण परिग्रहच होय.

म्हणून संग्राहकाने आरंभीच सीमा आखावी. एक देश, एक कालखंड, वर्षाची एक ठरावीक रक्कम. बांगलादेश निवडला तर १९७१ ते १९७५ एवढाच काळ एका माणसाच्या अभ्यासाला पुरेसा आहे. गुंतवणूक म्हणून या छंदाकडे पाहू नये. नमुना नोटेवर व्याज नाही, लाभांश नाही, आणि विकावयाची वेळ आली तर गिऱ्हाईक मोजके. सीमा गाठली की नवी नोट घेताना जुनी एक द्यावी. ती विकावी, किंवा त्याहून बरे म्हणजे एखाद्या शाळेला वा संग्रहालयाला द्यावी. ज्ञानदानाचा याहून सोपा प्रकार क्वचितच सापडेल.

या साऱ्या मालिकेत जैन वाचकाने निरखून पाहावी अशी एक नोट आहे. २०२५ च्या २० टक्यांच्या नोटेवर एका बाजूला दिनाजपूरचे कांतजीचे मंदिर आणि दुसऱ्या बाजूला पाहाडपूरचा बौद्ध विहार आहे. पाल राजा धर्मपाल याच्या काळातील हा महाविहार जगप्रसिद्ध आहे. त्याच्या उत्खननात एक ताम्रपट मिळाला आणि मराठी पुरातत्त्वज्ञ काशिनाथ नारायण दीक्षित यांनी तो वाचून प्रसिद्ध केला. ताम्रपट गुप्त संवत १५९ चा, म्हणजे इ. स. ४७९ चा आहे. नाथशर्मा नावाचा ब्राह्मण आणि त्याची पत्नी रामी यांनी वटगोहाली येथील विहारात अर्हतांच्या पूजेसाठी जमीन दान दिल्याची ती नोंद आहे. निर्ग्रंथ श्रमणाचार्य गुहनंदी यांचे शिष्य-प्रशिष्य त्या विहाराचे अधिष्ठाते होते. बौद्ध महाविहार उभा राहण्यापूर्वी, सुमारे तीन शतके आधी, त्या परिसरात जैन मुनींचा वास होता.

त्या दानाचा हिशेबही पटावर आहे. भाव होता एका कुल्यवापाला २ दीनार. जमीन घेतली एक कुल्यवाप आणि चार द्रोणवाप. आठ द्रोणवापांचा एक कुल्यवाप, म्हणजे दीड कुल्यवाप. रक्कम भरली ३ दीनार. दप्तर सांभाळणाऱ्या पुस्तपालांनी नोंद तपासली, हरकत नसल्याचे कळविले, मग व्यवहार झाला. ते ३ दीनार कोणाच्या हाती गेले आणि केव्हा वितळले, कोणास ठाऊक. पावती मात्र पंधराशे वर्षे टिकली, आणि केवळ तिच्यामुळे त्या पतिपत्नींचे दान आज वाचता येते.